सरव्याच्या द्राक्षांची दारू

ठाण्यात आमच्या घरामागे द्राक्षांचा मळा होता असं सांगितलं की आताची मुलं हसतात. हसू देत बापडी. नाशकाकडची द्राक्षं टोपल्यांत बसून रेल्वेने येतात, ती विकत घेऊन खाणारी ही मुलं. वेलाचं पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं हे त्यांना कुठून कळणार? मी त्या मळ्याची सून. माझं लग्न झालं तेव्हा खाडीवरचा रेल्वेचा पूल बराच नवा होता आणि माझे गुडघेही.

मळा म्हणजे काही फार मोठा नव्हे. टेंभीकडून तळ्याकडे उतरताना आमची ख्रिस्ती वाडी लागायची. वाडीच्या टोकाला आमचं घर, घरामागे विहीर, आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत वेल. हे वेल मांडवावर नव्हते, पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले होते. पांगारा छाटून छाटून माणसाच्या उंचीचा ठेवायचा आणि त्याच्या खांद्यावर वेल टाकायचा. पावसाळा सरला की छाटणी, थंडीत फुलोरा, फाल्गुनात घड. कोकणच्या दमट हवेत द्राक्षाला म्हणावी तशी गोडी येत नाही, हे खरं आहे. म्हणून आमच्याकडे घड तोडले की लगेच चिरडत नसत. चटयांवर पसरून त्यांना सुरकुत्या पडू द्यायच्या. पाणी उडून जातं आणि गोडी मागे राहते. सासूबाई म्हणायच्या, फिरंग्यांच्या काळात एका पाद्रीने वेलाची काडी आणि ही युक्ती दोन्ही आमच्या कुणा पूर्वजाला दिली. खरंखोटं त्या पाद्रीला ठाऊक.

त्या द्राक्षांची आम्ही दारू करायचो. पाद्री तिला द्राक्षारस म्हणत, आम्ही सरळ दारू म्हणायचो. पण ती कुणी प्यायला केलेली नव्हती. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो), मिसाच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळी वेदीवर जो द्राक्षारस लागतो तो पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरून जायचा. भात पिकलं की आमचा आगेऱ्याचा सण येतो. नव्या लोंब्या वाजतगाजत देवळात न्यायच्या आणि आशीर्वाद घ्यायचा. त्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे आमच्या घरचा कर्ता पुरुष नव्या दारूची सुरई घेऊन चालायचा. वाडीत आमच्याहून जास्त शेती असलेले होते, आमच्याहून मोठी घरं असलेले होते, पण सुरईचा मान आमचा. सासरे वर्षभर वाकून चालायचे आणि त्या दिवशी ताठ चालायचे, असं माझा नवरा गमतीने म्हणायचा.

माझं माहेर बाळकूमच्या पुढे, खाडीकाठी. माडांची बाग, माडाची ताडी काढायची आणि त्या ताडीचा शिरका (आताची मुलं त्याला व्हिनेगर म्हणतात) करायचा, हा माझ्या बापाचा धंदा. त्याचा शिरका मचव्यातून पार कल्याणपर्यंत जायचा. आमच्यात डुकराच्या मांसाचं इंद्याल शिजल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, आणि चांगल्या शिरक्याशिवाय इंद्याल होत नाही. तेव्हा माझ्या बापाने मला दागिने बेताचे घातले, पण शिरक्याची एक ही थोरली बरणी बरोबर दिली. ती माजघरात आली तेव्हा वाडीतल्या बायका माझ्याऐवजी तिलाच बघत होत्या.

सासूबाईंनी त्या बरणीचा फार मोठा मान केला. घरातला जुना डवला त्यांनी तिच्यासाठी काढला.

हा डवला म्हणजे करवंटीचा, बांबूच्या दांड्याचा. सासूबाईंच्या सासूच्याही आधीचा. घरात जे जे आंबवायचं ते ते त्याच डवल्याने ढवळायचं, अशी रीत होती. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडी घालून फुगवायचं तर हाच डवला. द्राक्षांचा रस फसफसू लागला की वरचा फेस काढायचा तोही याच डवल्याने. आणि हा डवला कधी धुवायचा नाही. राख नाही, पाणी नाही. फडक्याने पुसायचा आणि चुलीवरच्या खुंटीला अडकवायचा. "घराची चव त्येच्यात हाय," असं सासूबाई म्हणायच्या. मी नवी होते, मी मान डोलावली. माझ्या बापाचा शिरका त्या डवल्याने काढला जातो आहे हे पाहून मला तर भरूनच आलं होतं.

त्या वर्षीच्या आगेऱ्याला सासऱ्यांनी सुरई देवळात नेली. सगळी वाडी नव्या कपड्यांत. पाद्री नवे आलेले, परदेशातले, उंचच उंच, आमची भाषा पुस्तकातून शिकलेले. मिसाच्या मध्यावर त्यांनी पेला ओठांना लावला आणि त्यांचा चेहरा असा झाला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांनी पेला खाली ठेवला, सेवकाला खूण केली आणि कपाटातली मुंबईहून आलेली बाटली मागवली. सासरे पुढच्या बाकावर बसले होते. त्यांच्या मानेवरची शीर मला मागच्या बायकांच्या रांगेतूनही दिसत होती.

दारू आंबली होती, आंबट होऊन बिघडली होती. मिस संपल्यावर पाद्रींनी सासऱ्यांना बाजूला घेऊन समजुतीने सांगितलं. आंबलेला द्राक्षारस वेदीवर चालत नाही, तसा नियमच आहे. पुढच्या वर्षी त्यांनी सुरई दारातच घेऊन आधी चाखली आणि तशीच परत दिली. भरलेली सुरई घेऊन सासरे सगळ्या वाडीसमोरून घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एवढ्या पिढ्यांत दारू कधी आंबली नव्हती. ती मी आल्यापासून आंबू लागली. मग काय, वाडीला बोलायला विषय मिळाला. सुनेचा हात आंबट आहे. सून पायगुणाची नाही. विहिरीवर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि मी घागर उचलली की पुन्हा सुरू व्हायचं. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांनाही तेच वाटत होतं. त्यांनी मला दारूच्या खोलीत यायची बंदी केली. द्राक्षं वाळवायला मी चालत होते, चटया झाडायला चालत होते, पण घड चिरडायला बसले की म्हणायच्या, "तू नको गो. तू भाताकडं बघ." मी भाताकडे बघायची आणि रडायची. खोटं कशाला सांगू, भात खारट व्हायचा.

दुसऱ्या वर्षीची सुरई परत आली त्या दिवसापासून सासऱ्यांनी मळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. वेल छाटले, पाणी घातलं, ते नवऱ्याने आणि मी. फाल्गुनात घड तयार झाले तेव्हा एका सकाळी सासरे विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाले, "यंदा शेवटची खेप. यंदा जर आंबली, तर आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे वेल तोडायचे न माड लावायचे. माडाला कोन हसत नाय."

ते वेल मला आवडत होते. सासरी आल्यावर जिथे मला कुणी काही बोललं नाही अशी तेवढीच एक जागा होती. आणि वेल तुटले असते तर ते माझ्या नावावर तुटले असते. पुढच्या सगळ्या पिढ्यांनी सांगितलं असतं, अमकीची सून आली आणि मळा गेला.

त्याच आठवड्यात मला उत्तर सापडलं. मी ते शोधत नव्हते. घरात इंद्याल करायचं होतं. सासूबाईंनी डवल्याने शिरका काढला, डवला पुसला आणि खुंटीला अडकवला. मी चूल फुंकत होते. उठताना माझं डोकं डवल्याला लागलं, म्हणून मी तो हातात धरला आणि एकदम मला माझ्या घराचा वास आला. बापाच्या कोठीचा, ओळीने मांडलेल्या रांजणांचा, आईच्या पदराचा. लग्नानंतर माहेरची आठवण म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडले होते, आणि इथे माझं माहेर चुलीवर टांगलेलं होतं. मी तो कोरडा डवला नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिले.

आणि मग मला आठवलं, बाप शिरका कसा करायचा ते. ताजी ताडी रांजणात भरायची आणि तिच्यात जुना शिरका थोडासा टाकायचा. दुधाला विरजण लावतात तसं. थोडंसंच पुरतं. बाकीचं काम ते आपण होऊन करतं.

म्हणजे आमच्या घरात दर वर्षी द्राक्षांच्या दारूला शिरक्याचं विरजण लावलं जात होतं. सासूबाई स्वतःच्या हाताने, मोठ्या भक्तिभावाने, त्या न धुतलेल्या डवल्याने लावत होत्या. पूर्वी डवल्यात ताडीचा आणि द्राक्षाचा अंश असायचा, तोवर सगळं ठीक होतं. उलट त्याने दारू लवकर फसफसत असणार, म्हणूनच तर न धुण्याची रीत पडली असणार. बिघडलं ते शिरक्याला डवल्याचा मान दिला तेव्हापासून. वाडी म्हणत होती की मी आल्यापासून दारू आंबते. वाडीचं बरोबर होतं. फक्त आंबट माझा हात नव्हता, आंबट तो डवला झाला होता.

मी धावत जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो रेल्वेच्या गुदामात कारकून होता, हिशेबी माणूस, त्याला लगेच पटलं. पटलं आणि त्याचा चेहरा पडला. "आयला कोन सांगनार?" तो म्हणाला.

"तू सांग. तुजी आय हाय."

"म्हनूनच मी नाय सांगत."

मग मीच सांगितलं. मी भांडखोर आहे, पण त्या दिवशी अगदी हळू आवाजात सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचा आवाज चढला. "माज्या सासूच्या डवल्याला नावं ठेवतेस? तिनं माज्या हातात दिलाय त्यो. त्येच्यानं येवढी वर्सं पाद्री प्यायले न तू काल आयलेली मना शिकवतेस?" मी म्हटलं, डवल्याला नाही, शिरक्याला नावं ठेवते. त्या म्हणाल्या, मग तुझ्या बापाला ठेव. मी म्हटलं, ठेवते. आणि तिथल्या तिथे पदर खोचून ती थोरली बरणी मी उचलली. बरणी जड होती, आणि मी रागात होते म्हणून ती उचलली गेली. ती मी माजघरातून थेट गोठ्यापलीकडे नेऊन ठेवली.

"बापानं दिलेली बरनी भाईर टाकतेस?" सासूबाई ओरडल्या.

"माज्या बापाची हाय, म्हनूनच मी टाकते. तुमी टाकली असती तर मना राग आला असता."

सासरे हे सगळं ओट्यावरून ऐकत होते. त्यांना डवल्याचं पटलं नाही. बायकोच्या विरुद्ध जाऊन सुनेचं ऐकायचं हेही त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण माणूस बुडायला लागला की दोन्ही हात मारतो. ते म्हणाले, मोठा रांजण दर वर्षीसारखा होईल, सासूच्या हाताने, त्या डवल्याने. आणि वेलांवर जो सरवा राहील तो माझा. सरवा म्हणजे शेतात कापणीनंतर मागे राहिलेल्या लोंब्या. द्राक्षांच्या बाबतीत कुंपणाकडचे बारके, विस्कटलेले, पाखरांनी टोचून सोडलेले घड. ते मला मिळाले. सासऱ्यांना वाटलं असेल, यातून काय होणार? मला वाटलं, झालं तर माझं होईल.

भांडं मात्र नवंच हवं होतं. आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर माझा विश्वास उरला नव्हता. रविवारी मिस झाल्यावर भरती बघून नवरा आणि मी मचव्यातून कल्याणला गेलो. मडकं रेल्वेतून आणलं तर फुटेल असं तो म्हणाला, पण मला वाटतं त्याला माझ्याबरोबर खाडीतून जायचं होतं. कल्याणच्या कुंभारवाड्यात मी एकेक मडकं उचलून आत डोकं घालून वास घेत होते. कुंभार पोट धरून हसला. "बाई, मडकं वाजवून घेतात, हुंगून नाही," तो म्हणाला. मी दोन्ही केलं. परत येताना मी ते मडकं मांडीवर घेऊन बसले आणि नवरा म्हणाला की लोकांना वाटेल बाळाला घेऊन निघालो आहोत. आमच्या लग्नानंतर आम्ही दोघं मिळून इतके हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी येऊन मी मडक्याला आतून मेण फिरवलं. नारळ फोडून, करवंटी घासून स्वतःचा डवला केला. सरव्याच्या घडांतले कुजके मणी एकेक करून काढले, बाकीचे वाळवले. चिरडायला बसले त्या दिवशी, रसाला वास लागू नये म्हणून, घरात सुकी मासळी आणू दिली नाही. सासूबाई म्हणाल्या, ही आता आम्हाला बोंबीलही खाऊ देणार नाही. मी म्हटलं, आजच्या दिवस नाही.

मोठा रांजण दुसऱ्याच दिवशी फसफसू लागला. त्या जुन्या डवल्याची ती करामत होती, हे मी मान्य करते. माझं मडकं मात्र गप्प. मी कान लावायची, काही नाही. पुन्हा लावायची, काही नाही. सासूबाई येता जाता त्याच्याकडे बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मेलेला हाय त्यो रस. माज्या डवल्यानं एकदाच हलव, बघ कसा उठतो."

त्या खरंच मदत करायला निघाल्या होत्या. डवला हातात होता. मला इतका मोह झाला की सांगता येत नाही, कारण मी घाबरले होते. माझंच चुकलं असेल तर? पण मी दारात आडवी उभी राहिले. हात जोडले आणि म्हटलं, "आय, तुमच्या पाया परते. त्यो आत नेऊ नका." त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग मागे फिरल्या. त्यांनी जोर केला असता तर मी त्यांना अडवू शकले नसते, घर त्यांचं होतं. त्या मागे फिरल्या ही गोष्ट मी आयुष्यभर त्यांच्या खात्यावर मांडली.

आणि मग एका सकाळी मडक्याला कान लावला तर आत तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा बारीक आवाज. मी तिथेच जमिनीवर बसून हसत सुटले. नवरा धावत आला, त्याला वाटलं मला काही चावलं.

फेस निवला तेव्हा दोन्ही भांड्यांची तोंडं फडक्याने आणि चिखलाने बंद केली आणि भाताच्या तुसात पुरून ठेवली. एकदा बंद केलं की आगेऱ्यापर्यंत उघडायचं नाही, हीही रीत, आणि ही मी मोडली नाही. अख्खा पावसाळा त्या खोलीवरून जाताना मी दारापाशी थांबून हुंगायची. पावसात वेल मात्र असे माजले होते, हिरवेगार, जणू त्यांना काही ठाऊकच नाही.

आगेऱ्याच्या दिवशी सकाळी पाद्री आमच्या घरी आले. यंदा मी आधी घरी येऊन चाखेन, म्हणजे देवळात कुणाची मान खाली जाणार नाही, असं त्यांनीच कळवलं होतं. भला माणूस. ओट्यावर ते बसले, बाजूला सासरे, आणि अंगणात लोंब्या घेऊन निम्मी वाडी. पाद्रींना भेटायला आले म्हणायचे, पण आले होते बघायला. सासऱ्यांनी मोठ्या रांजणाचा चिखल फोडला. फडकं काढलं आणि पाद्रींनी चाखायच्या आधीच आम्हा सगळ्यांना कळलं. वास माझ्या माहेरचा होता. तसा शिरका माझ्या बापानेही नावाजला असता.

पाद्रींनी तरी बिचाऱ्यांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. "मला वाईट वाटते," ते म्हणाले. सासरे उठले. ते कुठे निघाले ते मला कळलं, घरामागे मळ्याकडे. अंगणात कुणीतरी खाकरलं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. सासऱ्यांना एवढ्या लोकांसमोर मी कधी हाक मारली नव्हती. "आजून माजं हाय."

नवऱ्याने मडकं आणलं. चिखल मीच फोडला. इतक्या घाईने की अर्धा चिखल पाद्रींच्या झग्यावर उडाला. फडकं काढलं. आंबट वास नव्हता. पण कसलाच वास येत नव्हता, कारण मी श्वासच घेत नव्हते. पेला भरला तर रंग लालसर, स्वच्छ, तळ दिसावा असा.

पाद्रींनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग पेला वर करून सगळा पिऊन टाकला, आणि मागच्या दोन वर्षांत आम्ही कधी बघितलं नव्हतं असं हसले. "हा द्राक्षारस आहे," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा पुढे केला.

सासऱ्यांनी चाखली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला. मग सासूबाईंनी पेला घेतला. त्यांनी घोट घेतला, ओठ पुसले, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माज्या सासूच्या हातची अशीच व्हायची. मी इसरलीच होती ही चव." आणि मग त्या बाईने, जिने मला दारूच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं, माझा हात हातात घेऊन सगळ्यांच्या देखत हुंगला. "आंबट नाय गो," म्हणाल्या. आधी अंगण हसलं, मग मी हसले आणि मग मला रडू आवरेना.

सुरई भरली. ती घरच्या कर्त्या पुरुषाने न्यायची, म्हणून मी ती सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले. "जिनं केली ती नेईल," एवढंच म्हणाले. वाडीत असं कधी झालं नव्हतं, पाद्री काही म्हणतील असं वाटलं, पण ते आधीच वाजंत्र्यांना खूण करत होते. मी पुढे निघाले. माझ्या मागे नव्या भाताच्या लोंब्या, ढोल, आणि विहिरीवर माझ्यासमोर गप्प बसणाऱ्या त्या सगळ्या बायका. मला नम्रपणे चालायला हवं होतं, देवाचं काम होतं. पण मी ताठ चालले. मान अशी वर की पायाखालचा दगडही दिसत नव्हता. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी कुणाला देणार नव्हते, देवालाही त्यातला अर्धाच.

वेदीवर पाद्रींनी पेला उचलला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. बघत राहिले. त्यांनी ओठांना लावला, आणि त्यांचा चेहरा अगदी साधा राहिला. एवढंच मला हवं होतं. मिसाच्या शेवटी गाणं सुरू झालं तेव्हा पुरुषांच्या बाजूने सगळ्यांच्या वर एक बेसूर आवाज येत होता. नवरा मागे वळून मला खुणावत होता की ते बाबा आहेत.

आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडल्या उजाडल्या, सासऱ्यांनी मला मळ्यात बोलावलं. वर्षभर त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. गवत गुडघाभर, वेल एकमेकांत गुंतलेले. छाटणीचे दिवस होते. काडीवरचा कोणता डोळा, म्हणजे कोंब, ठेवायचा आणि कोणता काढायचा हे त्यांच्याइतकं ठाण्यात कुणाला कळत नव्हतं, आणि ते मळ्यात येत होते तोवर त्यांनी त्या कामाला मुलालाही हात लावू दिला नव्हता. गेल्या वर्षी आम्ही केली होती ती त्यांच्या मते छाटणी नव्हे, हजामत. ते पहिल्या पांगाऱ्यापाशी उभे राहिले, वेल वरपासून खालपर्यंत निरखून बघितला. मग कोयती माझ्या हातात दिली, आणि मला नीट कापता यावं म्हणून स्वतः फांदी वाकवून धरली.